एकाहत्तर

एप्रिलात शाळा अकराला सुटायची.
टाकीमागचा सिमेंटचा ओटा
तोवर तवा झालेला.
उमाठ्यांच्या रोशनला त्यावर उभं करायचे,
अनवाणी, शंभर होईपर्यंत.

पंकज मोजायचा.
बाकीचे : काय बे, नाचून राह्यला का?
मी फक्त चपला धरायचो.
निळा पट्टा, उजवीच्या अंगठ्यापाशी सेफ्टी पिन,
टाच झिजून आरपार.
हातात धरल्या की अजून कोमट.

सत्तरच्या पुढे पंकज मुद्दाम चुकायचा.
पुन्हा एकपासून.
एकदा रोशननंच त्याला आकडा सांगितला,
हळूच,
सर विचारतात तेव्हा शेजारच्याला सांगावा तसा :
एकाहत्तर.

जूनमध्ये तो आला नाही.
बाईंनी दोन दिवस हजेरीत नाव घेतलं,
तिसऱ्या दिवशी उमाठेवरून सरळ वैरागडेवर.

काल सक्करदऱ्याच्या शाळेतून
लेकीच्या वहीत चिठ्ठी आली.
कुणाची तरी वेणी कापली वर्गात, मधल्या सुट्टीत.
"मी काहीच नाही केलं बाबा,
मी तर नुसती तिची रिबन धरली होती."

कूलरमधलं पाणी संपलं होतं,
नुसती गरम हवा फेकत होता.
बंद केला.
तिला समोर बसवलं
आणि एकाहत्तरपासून सांगायला लागलो.