कुलपाची तालीम

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एकदम सोडून जाऊ नका.
आधी नुसती किल्ली उचला. वाजवा. परत ठेवा.
चप्पल घाला आणि चहा पीत बसा.
किल्ली वाजली की माणूस गेलाच,
हे तिच्या डोक्यातनं जाऊ दे.

म्हणून सोमवारपासून
जवाहरनगरातल्या दोन खोल्यांत
मी चप्पल घालून बसतोय.
समोरच्या आक्काताई विचारतात, कुठं निघालासा?
कुठंच न्हाई. तालीम चाललीया.

मिरी आली तेव्हा माझा हात
कोपरापर्यंत पांढरा होता.
पाच महिने ती आणि मी.
तिला वाटतं, माणसं घरातच असतात,
भिंतीवरच्या कॅलेंडरासारखी.

पहिल्यांदा दार ओढून घेतलं
तर तिचं रडणं जिना उतरून माझ्याआधी खाली.
चौकटीवर ओरखडे अजून आहेत,
घरमालक चौगुल्यांनी बोट फिरवून मोजलेत.

मग एक मिनिट. मग दोन.
जुन्या मोज्यात भाकरीचा तुकडा,
वर गाठ. बसू दे सोडवत.
निघताना निरोप नाही, आल्यावर लाड नाहीत.
हे जमत नाही राव.
अख्खं अंग शेपटी झालेल्या जिवाकडं
न बघता तांब्याभर पाणी प्यायचं.

काल सात मिनिटं.
खाली कट्ट्यावर, मनगटाकडं बघत.
वर शांत.
आणि उद्यमनगराकडनं लेथचा आवाज आला,
लोखंड सोलताना येतो तो,
नसलेल्या दोन बोटांतनं
कळ खांद्यापर्यंत गेली.

मालक म्हणालेत, एक तारखेपासून ये.
लेथ नको, ड्रिलवर बस.
हातावरचे टाके काढणाऱ्यानंसुद्धा
मला सांगितलं नाही,
आधी नुसता डबा भरा. परत रिकामा करा.
मशीन बंद असताना शेजारी उभे राहा,
घाम आला तर घरी या.

सात झाली, उठलो नाही.
नऊ.
अकरा.
वर गेलो तर मिरी मोज्यावर हनुवटी टेकून झोपलेली.
एक कान हलला, तेवढंच.
मला जरा रागच आला, खोटं कशाला बोलू.

पाणी प्यालो, तिच्याकडं न बघता.
मग किल्ली उचलली. वाजवली.
ती उठली नाही.

कारखान्याच्या फाटकापर्यंत गेलो,
गंजक्या कडीला डावा हात लावला
आणि परत आलो.
वॉचमननं ओळखलं असावं. काही बोलला नाही.
उद्या आत, निदान पंचिंगच्या खोक्यापर्यंत.