रांग

फळ्यावर मी नेहमीचं गणित लिहिलं:
एक नळ हौद सहा तासांत भरतो, दुसरा चार तासांत.
मरालमानं हात वर केला नाही, ती कधीच करत नाही.
वहीत उत्तर बरोबर होतं.
खाली, बारीक अक्षरात:
'यात रांग कुठे धरायची, बाई?'

उलानबातरच्या उत्तरेला, आमच्या टेकडीवर
नळ म्हणजे विटांची खोली आणि तिची खिडकी.
उणे अठ्ठावीस.
एक हातगाडी, दोन कॅन,
जाताना उतार, येताना चढ, तोही भरलेल्या वजनानिशी.
चौथ्या तासाला का झोपतेस विचारलं
तेव्हा तिनं हे सांगितलं,
तक्रार म्हणून नाही.
सिद्धतेच्या आधी 'पक्ष' लिहितात ना,
तसं.

मुख्याध्यापक म्हणाले, अशी मुलं चिवट असतात,
वर येतातच.
जी येत नाहीत ती आपण मोजत नाही,
असं मला म्हणायचं होतं.
म्हणाले ते एवढंच: हो सर.

स्पर्धेला फी नाही.
बसभाडं आहे. बूट आहेत.
आणि रविवार आहे,
आई बाजारात पोती उतरवते तो.
चार वर्षांच्या ओचिरला पेटत्या शेगडीपाशी
एकटं कसं ठेवायचं?
म्हणून त्या रविवारी तो माझ्याकडे होता.
माझे सगळे खडू त्यानं आकारमानानुसार लावले
आणि सर्वांत लहान खाल्ला.

शाळेचं पाणी बाहेर न्यायला मनाई आहे.
बॉयलरवाल्या त्सेंदनं तो नियम वाचलेला नाही.
मी वाचलाय,
पण मार्चपर्यंत आठवायचा नाही असं ठरवलंय.

गेल्या मंगळवारी शाळेचा नळ गोठला.
मरालमाला मी वर्गात बसवलं, हीटरजवळ, भूमितीसोबत,
आणि तिची गाडी घेऊन स्वतः गेले.
माझ्यापुढे तेवीस जण.
नऊ आमच्याच शाळेचे,
कोटाखालून गणवेश डोकावत होता.

एक पोरगा बुटाच्या टोकानं रिकाम्या कॅनवर ठोके देत
पुटपुटत होता. मी कान दिला.
एकेचाळीस, त्रेचाळीस, सत्तेचाळीस.
एकावन्न त्यानं गाळला.
त्रेपन्नला खिडकी उघडली, रांग पुढे सरकली.

दोन वर्षं तो माझ्या शाळेत आहे.
मला त्याचं नाव माहीत नव्हतं.