विजोड

पुंता अरेनासला वारा सुटला की
रस्त्याकडेला दोर बांधतात,
माणसांनी धरून चालावं म्हणून.
एदुविना बार्रीया तसाच दोर धरून
रात्रशाळेत येते. वय एकसष्ट.
दिवसभर बंदरावरच्या धुलाईघरात
खलाशांचे कपडे धुते, वाळवते, घड्या घालते.
आठवी झाल्याशिवाय गाडीचा परवाना नाही,
आणि गाडी नाही म्हणून दर शनिवारी
गाठोडी पोचवायला
भाच्याची मनधरणी.

फळ्यावर पाचशे अठ्ठ्याऐंशी,
वर करणीचिन्हाचं छप्पर,
डाव्या अंगाला खचलेलं.
ओयार्सून मास्तर म्हणतात, फोडा.
दोननं भाग जातो: दोनशे चौऱ्याण्णव.
पुन्हा दोननं: एकशे सत्तेचाळीस.
मग तीननं: एकोणपन्नास.
मग सात, आणि उरला तोही सातच.
याच्या पुढे फोडायला काही नाही.

दोन, दोन, तीन, सात, सात.

"जोडीतला एक बाहेर काढा."
"आणि दुसरा?"
"दुसरा जातो."
"कुठे जातो?"
मास्तर खडू खाली ठेवतात.
वीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
मागच्या बाकावरून एलिओदोरो वेल्डर म्हणतो,
"मरतो बहुतेक."
कुणी हसत नाही. काच थरथरते.

एदुविना पिशवीतून लोकरी मोज्यांचा जोड काढते,
एकावर एक ठेवते, गुंडाळते,
वरचं तोंड उलटवून घेते:
टेबलावर एकच गोळा.
"जात नाही कुठे," ती म्हणते,
"आत असतो. हा तुमचा सात."

दोनाचा एक गोळा, साताचा एक गोळा.
दोन सत्ते चौदा, छपराबाहेर.
तीन आत. त्याला जोड नाही.

"तीनाचं मूळ किती मग?"
एक पूर्णांक सात तीन दोन शून्य पाच शून्य आठ
मास्तर लिहीत जातात,
फळ्याची चौकट येते, आकडे संपत नाहीत.
"पुसा ते," एदुविना म्हणते,
"आहे तसा राहू दे आत."

माझ्या भाषेत या उरलेल्याला करणी म्हणतात.
कुणी कुणावर केलेली, ती पण करणीच,
आणि जशी करणी तशी भरणी, ती तिसरी.
शाळेत असताना तिन्ही वेगवेगळ्या वाटायच्या.

धुलाईघरात, इस्त्रीच्या टेबलाखाली,
एक खण आहे.
अकरा वर्षांतले एकेकटे मोजे:
हिरव्या पट्ट्याचा, टाचेला रफू केलेला,
एक इतका लहान की
कुठल्या जहाजावर मूल होतं कोण जाणे.
मालकीण म्हणते, फेकून दे.
एदुविना "हो" म्हणते आणि खण लोटते.

आज तिच्या खिशात खडूचा तुकडा आलाय.
खणाच्या फळीवर
ती एक खचकं छप्पर काढते,
जरा लांबतं ते, शेजारच्या खणापर्यंत जातं.
बोटानं पुसून नीट करते.

परीक्षा नोव्हेंबरात आहे.
भागाकारात ती अजून हातचा विसरते.