जुनं माप

मास्क आम्ही फेकला नव्हता.
मागच्या वर्षी तीस दिवस
त्याच जाळीखाली निजल्या होत्या सासूबाई.
शेवटच्या दिवशी पोरानं विचारलं, नेता का घरी?
काळाचौकीला आणून त्यांनी तो
शिलाई मशीनखाली ठेवला,
चिंध्यांच्या पिशवीवर, तोंड भिंतीकडे करून.

आज पुन्हा परळ. तळघरातला तोच गार बाक.
मी पिशवीतून मास्क काढून दिला.
टेक्निशियन हसला नाही, हे त्याचं भलेपण.
"ताई, हा आता बसायचा नाही."
गोळ्यांनी गाल भरलेत, हनुवटी गळ्यात बुडालीय.
ओठाच्या चालत्या बाजूनं त्या म्हणाल्या,
"खरंय त्याचं. जुन्या मापावर कापड कापू नये."

डॉक्टर सबनीसांनी पडद्यावर दाखवलं:
जुन्या जागेच्या कडेलाच, पांढरं.
तेव्हा तीस, आता दहाच.
मेंदू मागचा मार विसरत नाही, म्हणाले,
तोलून द्यावं लागतं.
मी मान डोलावली. कळलं नव्हतं.
कळलं ते कुमुदिनी मारुती घाग यांना.
"उसवलेल्या शिवणीवर परत सुई चालवायची
तर जुनी भोकं बघावी लागतात.
टाका बसतो हो,
कापडच विरतं."
डॉक्टर पेनाचं टोपण उघडत-लावत राहिले.

बरं होणार का, हे त्यांनी विचारलंच नाही.
"मार्गशीर्षातले ब्लाऊज घेऊ का शिवायला?"
आषाढ सरत आला होता.
डॉक्टर बोटं मोजू लागले, मध्येच थांबले.
"थोडे घ्या."

थोडे म्हणजे किती, ते टॅक्सीत ठरलं.
शेट्येबाईंचे दोन. त्यांच्या धाकटीचा एक, अस्तराचा.
कोपऱ्यावरचीला नाही म्हण,
ती पैसे लटकवते.

नवा मास्क गरम पाण्यातून निघाला
आणि घावनासारखा पसरला तोंडभर.
मग जाड दार. लाल दिवा.
बाहेरच्या छोट्या पडद्यावर त्या एवढ्याशा,
आणि चादरीवर त्यांचा उजवा हात
अंगठा, करंगळी ताणून
वीत वीत टेबल मोजत चाललेला.
माइकवरून पोरगा म्हणाला, आजी, हात हलवू नका.
हात थांबला. थोड्या वेळानं
एक बोट पुढे सरकलंच.

रात्री मशीनपाशी बसून मला हाक मारली:
दोरा ओव.
चौदा वर्षांत पहिल्यांदा.
नाक्यातून जाईना. दिवा जवळ घेतला, तरी जाईना.
"थुंकी लाव," त्या म्हणाल्या,
"आणि कात्रीला हात नको."