खांबामागची जागा

पहिल्या दिवशी मी फक्त टाळी वाजवली,
एकदाच.
मोजून तीन सेकंद आणि वर थोडं
ती दालनात फिरत राहिली,
सागवानी तुळयांवरून, चुन्याच्या गिलाव्यावरून,
उत्तरेच्या झरोक्यांत जराशी अडखळून
परत माझ्या पायाशी.
वहीत लिहिलं : भाषणाला निकामी.
गाण्याला कदाचित.

सिव्हिल लाइन्समधली मँगनीज कंपनीची जुनी कचेरी.
तिच्या पगाराच्या दालनात आता
दोनशे चाळीस खुर्च्यांचं सभागृह हवंय.
"मॉडर्न पाहिजे, पण जुनं वाटलं पाहिजे,"
साहेब कूलरवर आवाज चढवून म्हणाले.

मे महिना. बाहेर सेहेचाळीस.
आत दोन हात जाड भिंती, माठासारख्या गार.
त्यांना भोक पाडून एसीची नळी न्यायची
तर आधी माफी मागावी असं वाटतं.
मी मागत नाही.
मी कोअर कटिंगचं कोटेशन मागते.

गजभिये रोज येतात. चौतीस वर्षं रोखपाल होते इथे.
लोखंडी खांबाला टेकून उभे राहतात,
डावीकडून तिसऱ्या,
तेल लागून त्यांच्याच पाठीइतका काळा झालेल्या.
"मॅडम, एवढा आवाज काहून मारून राह्यल्या?"
मी सांगते, नाही मारला
तर शब्दावर शब्द चढतो, कोणालाच काही कळत नाही.
"कळे न जी. सारं कळे.
शनिवारी चिल्लर ओतली का
बाहेर पायरीवर बसल्या बसल्या
मालधक्क्यावरच्या बाया सांगत,
आज पैसे पुरे आले का नाही ते.
अन् नाव पुकारलं तर तीनदा ऐकू ये.
फुलवंता उईके.
एकदा मी म्हणो, दोनदा हॉल म्हणे.
तिले सही येत नव्हती, अंगठा लावे.
पण पहिल्या हाकेले कधी उठली नाही.
तिन्ही ऐके, मंग पदर सारखा करून उठे."

रात्री नकाशावर मी
भिंतीभर लोकरी फळ्या लावल्या,
छताला छिद्रं असलेलं लाकूड,
खुर्च्यांना जाड कापड.
एकेका चौरस मीटरने नाद उतरत गेला :
दोन पूर्णांक चार. एक पूर्णांक आठ.
कॉफी.
एक पूर्णांक एक.

खांब निघत नाही, असं स्ट्रक्चरवाला म्हणतो,
वरचा सगळा मजला त्याच्याच डोक्यावर.
म्हणजे ड-सतरामधून रंगमंच दिसणार नाही.
एक हात दिसेल वक्त्याचा, बोलण्यात हलला तर.

दिवाळीनंतर काम संपलं. चाचणीला गजभियेंनाच बोलावलं.
ते मंचावर चढले, चप्पल खाली काढून,
आणि माइक बाजूला सारून
पगारवाल्या आवाजात ओरडले,
"फुलवंता उईके!"

स्वच्छ आलं. शेवटच्या रांगेपर्यंत, एकेक अक्षर.
एकदाच.
ते थांबले, मान किंचित तिरपी करून,
जितका वेळ थांबायची सवय होती तितका.

खांबामागच्या भिंतीवर मी फळी लावलेली नाही.
तेवढा चुना तसाच उघडा आहे.
बिल तपासणाऱ्यांना ती बचत वाटली, बरंच झालं.
तिथे बसून ऐकलं तर
नाव साधारण दीड वेळा ऐकू येतं.

हस्तांतराच्या टिपेत मी लिहिलं :
ड-सतरा या जागेचं तिकीट विकू नये.
कारणाच्या रकान्यात :
दृष्टिरेषेत अडथळा.