घट

हरिपूरच्या पेवावरची फरशी काढली
की लगेच कुणी आत उतरत नाही.
एक दिवस तोंड उघडं ठेवायचं,
मग दोरीला कंदील बांधून सोडायचा.
विझला, तर थांबायचं.
हळद आत पाच वर्षं राहते, किडत नाही.
माणूस पाच मिनिटं.
हे मला आदगोंडा मगदुमांनी शिकवलं.
त्यांच्या अडतीत मी एकतीस वर्षं खतावणी लिहिली.

त्या साली त्यांनी पेपरात वाचलं:
कुठल्याशा बड्या देशानं कायदा केलाय,
जो आपली माणसं बाहेर जाऊ देत नाही
त्याच्याशी सवलतीचा व्यापार नाही.
शेटनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला.
"दिवाणजी, आपली हळद जाती न्हवं तिकडं?"
जाते, म्हटलं. आठशे पोती, मुंबईच्या दलालामार्फत.

तिकडं म्हणजे ग्रिगोरीच्या देशात.
माधवनगरच्या गिरणीत यंत्रं बसवायला आलेला,
शेटच्या पडवीत बसून भडंग खायचा,
तिखटानं रडायचा आणि पुन्हा हात पुढं करायचा.
परत गेल्यावर त्यानं लेकीसाठी अर्ज केला,
देशाबाहेर जायचा.
अर्जापाठोपाठ त्याची नोकरी गेली.
पोरीच्या शिक्षणाला किती आला खर्च,
ते सरकारनं आकडे मांडून मागितलं.
पत्रात मजकूर एवढाच: हवा बरी आहे, रोझा घरीच आहे.
'घरीच'च्या खाली रेघ.

सौद्याच्या दिवशी रुमालाखाली
दलालानं शेटची बोटं दाबली. पाच, मग सहा.
शेटनी मूठ मिटली.
मिटलेल्या मुठीला आमच्या बाजारात भाव नाही.
त्याला वाटलं, म्हाताऱ्याच्या हाताला पेटका आला.
"पोरगी सोडा म्हणावं. मग हळद."
"कुठली पोरगी?"
सगळा बाजार हसला.
शेजारच्या दुकानानं दुपारपर्यंत आठशे पोती भरली.

आमची पेवं दोन हंगाम तशीच.
पोतं हललं नाही, म्हणून हमाली नाही.
भैरू ऐवळे पायरीवर बसून आकडा घासायचा,
आधीच लखलखीत असलेला.
त्याला इचलकरंजीला मागावर जायचं होतं, मेव्हण्याकडं.
पण अंगावर दुकानाची उचल, चारशे ऐंशी,
आणि उचल फेडल्याशिवाय हमालानं दुकान सोडायचं नाही
हा नियम कुठं लिहिलेला नव्हता,
त्यामुळं खोडताही येत नव्हता.

एकदा दिवेलागणीला मी म्हटलं,
शेट, ग्रिगोरीच्या सरकारनंही आकडेच मांडलेत.
"त्ये येगळं," शेट म्हणाले.
मग बराच वेळ काही नाही.
मग, "उचल म्हंजे उचल."
रात्री ताकाला हात लावला नाही, असं आक्कांनी सांगितलं.
मी त्याचा अर्थ लावला, चुकीचाही असेल.

हळद वाळते. पोत्यामागं किलो-दोन किलो हवेला जातात,
त्याला आम्ही घट म्हणतो. तिला कुणी जाब विचारत नाही.
मार्चअखेरीला मी लिहिलं:
घट, पेव सातवं, रुपये चारशे ऐंशी.
शेटनी त्या ओळीवर बोट ठेवलं.
सातव्या पेवात त्या साली हळदच नव्हती, त्यांना माहीत होतं.
बोट तिथंच राहिलं. पिवळं.
मग त्यांनी पान उलटलं.
भैरू सोमवारी आला नाही.

रोझाचं कार्ड आलं सहा वर्षांनी, तिसऱ्याच देशातून,
मागं समुद्राचं चित्र.
कुणाच्या कायद्यानं सुटली, कुणाच्या गव्हानं,
की नुसतीच कुठल्या साहेबाची सही झाली,
लिहीत नाही.
भडंगाची कृती मात्र विचारते.
शेट तोवर गेलेले.
मी उत्तर टाकलं: लसूण सढळ, मीठ बेतानं,
हळद चिमूटभर.
चिमूटभर पाठवलीही, कागदाच्या पुडीत.
पोचली की जकातीत अडकली,
कळलं नाही.