डावीकडचं कमी

पाटणसावंगीच्या लग्नात चौघडा डावीकडे होता
आणि सनई उजवीकडे.
माईक मीच लावले होते, मला ठाऊक आहे.
पण घरी येऊन कॉम्प्युटरवर जोडायला बसलो
तर सनई एकटीच लग्नाला आलेली,
चौघडा कुठं वेशीबाहेर.

पिन काढली, शर्टाला पुसली, परत खोचली.
अर्धी फिरवून पाहिली,
कधीकधी तेवढ्यानं भागतं.
सेटिंगमध्ये गेलो : डावा शंभर, उजवा शंभर.
दोघंही शपथेवर सांगतात.

मग स्पीकरच उचलले.
डावा उजवीकडे, उजवा डावीकडे,
वायरी टेबलाखालून एकमेकींवरून नेल्या.
जो मघाशी पुटपुटत होता तो खणखणीत वाजला,
आणि आता सनई पुटपुटू लागली.
म्हणजे दोष डब्यात नाही, वायरीत नाही.
जो डावीकडे बसेल त्याचा आवाज बसतो.

बर्डीवरच्या अंकुश निनावेला फोन लावला.
म्हणाला, "कान दाखव बे डॉक्टरले."
चाळिशी उलटलेल्या माणसाला
भर मे महिन्यात असं सांगू नये.
मी खुर्ची फिरवली,
स्पीकरांकडे पाठ करून बसलो.
आता उजव्या कानात पुटपुट.
कान सुटले.

तेव्हा कुठं दिसला
मानेवाड्यातल्या या खोलीच्या खिडकीत,
टेबलापासून हातभर,
एप्रिलपासून घरघरणारा कूलर.
इतका रोजचा,
की आवाजांत मी त्याला धरलंच नव्हतं.

खात्री करायची तर तो बंद करायला हवा.
लाईट गेली की होतोच बंद,
पण मग स्पीकरही गप्प.
शेवटी बटण दाबलं.
पंखा रेंगाळत थांबला,
खसाच्या ताट्यांतून उरलंसुरलं पाणी टपकलं,
आणि चौघडा मांडवात आला,
सनईच्या बरोबरीनं, न लंगडता.

दीड मिनिट.
घाम कपाळावरून कीबोर्डवर,
आणि आतून आई :
"काहून बंद केला रे कूलर?
शिजून राहिली ना मी इथं!"

चालू केला.
स्पीकर आपापल्या जागी ठेवले,
डाव्याला आणखी चढायला जागाच नव्हती
म्हणून उजव्याला बारा घरं खाली उतरवलं.

नोव्हेंबरात कूलरवर ताडपत्री चढेल.
एका संध्याकाळी मला
उजवीकडचं कमी ऐकू येईल,
आणि मी पिन काढून
शर्टाला पुसत बसेन.